सुताएवढी साल

मेटेगन,
सोमवार, १२ ऑक्टोबर २००९

आल्फे,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. कॉन्व्हेंटात सिस्टर मारी-पॉलने फूटपट्टीने बोटांवर मारून मारून वळवलेलं अक्षर, ते एकवीस वर्षांत कुठे बदलणार? पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं कर. तुझ्या ऑफिसात कोट अडकवायच्या खुंट्यांखाली पुठ्ठ्याचा एक लांबट खोका पडलाय. तो उघड.

बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल.

वाचतोयस असं धरून पुढे लिहिते. तुझं घर माझ्या घरापासून सात किलोमीटरवर, याच एका रस्त्यावर. तरी हे पत्र आधी यारमथला जाणार, तिथे शिक्का खाणार आणि माझ्याच दारावरून परत तुझ्याकडे येणार. तिकीट लावून घ्यायला पाकीट आधीच नेलं होतं, तेव्हा पोस्टातली एडिथ म्हणाली, "ल्युदिवीन, मी घरी जाताना टाकते की त्याच्या पेटीत. वाटेवरच आहे."

"नको. तिकीट लाव. रीतसर जाऊ दे."

"रीतसर! सख्ख्या भावाला!" असं म्हणून तिने तिकीट असं चिकटवलं, की जणू माझ्याच कपाळावर.

खोका झेलीचा आहे. तू तिला शेवटचं जवळून पाहिलंस तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तुझ्या यार्डातल्या भुश्शात लोळायची. आता एकोणतीसची आहे. शवपेट्यांच्या कारखान्यात सुतारकाम करते. कुणी हसलं तर म्हणते, "मामाच्या होड्या पाण्यावर, माझ्या जमिनीखाली. गळकं काम दोन्हीकडे चालत नाही."

पॅरिशच्या साप्ताहिकात तुमची जाहिरात आली. यारमथच्या कुणाला पुन्हा लाकडाचीच होडी हवी आहे आणि आखणीच्या माळ्यावर काम करायला माणूस पाहिजे. झेलीने ती कापून फ्रीजवर लावली. नंतर कॉम्प्युटरवरचा तुमचा फॉर्म तिने तीनदा भरला. 'प्रमाणपत्र' या रकान्यात काही लिहिल्याशिवाय म्हणे पुढचं पान उघडतच नाही. दोनदा ती तिथेच अडली. तिसऱ्यांदा तिने लिहिलं, 'आजोबा'. पान उघडलं. उत्तर मात्र आलं नाही. मग कागदावरचा फॉर्म मागायला ती स्वतः ऑफिसात गेली, तर तुझ्या हॅलिफॅक्सच्या मॅनेजरने दोन तास बसवून सांगितलं, फॉर्म घरी न्या, पण प्रमाणपत्र लागेलच.

त्या दिवशी घरी येऊन तिने मला विचारलं, "आई, आजोबांकडे लोक काम मागायला यायचे, तेव्हा काय आणायचे?"

"आपली पटाशी आणायचे. पापा अंगठ्याने धार बघायचे आणि सांगायचे."

"मग मी काय हे रकाने भरत बसलेय?"

खोका गेला तो असा. त्यात फॉर्म नाही. मॅनेजरचं उत्तर आलं, 'आपली वस्तू मिळाली. कृपया अर्ज ठरलेल्या नमुन्यात करावा.' वस्तू, आल्फे! शेवटची तारीख एकतीस ऑक्टोबर आहे.

मी तिच्यासाठी शब्द टाकत नाही. माझ्या शब्दाची तुझ्याकडे काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे. तू फक्त उघड, आणि डोळे मिटून हात फिरव. पापा आपल्याला फिरवायला लावायचे तसा. आपल्याला म्हणजे तुला, वर माळ्यावर. तिथल्या जमिनीच्या फळीवर होडी पुऱ्या मापात आखायचे, म्हणून बूट चालत नसत, तू मोजे घालून ऐटीत जायचास. मुलीचा पाय लागला तर होडी वाकडी होते म्हणून मला जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंतच परवानगी होती. मी घासायची ती स्वयंपाकघरात, त्यांच्या शेजारी बसून.

इकडे सगळं ठीक आहे.

ल्युदिवीन


मेटेगन,
रविवार, २५ ऑक्टोबर २००९

आल्फे,

आज चर्चमध्ये तू डाव्या बाजूला, मी उजव्या. एकवीस वर्षं मधल्या वाटेवरून पाद्रीबाबा येतात-जातात, आपण नाही. तू सारखा खोकत होतास. मध आणि व्हिनेगर घे, आईचं औषध.

झेलीने फोन केला होता. खोका अजून खुंट्यांखालीच आहे, चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही, असं तुझा मॅनेजर म्हणाला. पार्सलवर 'लाकडी वस्तू' लिहिलेलं वाचून त्याने ते बाजूला ठेवलं. तेव्हा आत काय आहे ते मीच सांगते.

आत होडी आहे. अर्धी. पापा कोरायचे तशी, मधोमध उभी चिरलेली, एका फळीवर बसवलेली, फुटाला एक इंच या मापाची. तुझ्या भिंतीवर टांगलेली पापांची शेवटची अर्धी होडी आहे ना, तीच.

दचकू नकोस. तुझी भिंतीवर जागच्या जागी आहे.

त्या दिवशी दोन तास बसवलं, तेव्हा झेलीची खुर्ची नेमकी त्या भिंतीसमोर होती. तिच्या एप्रनच्या खिशात शिशाच्या तारेचं भेंडोळं होतं, पेट्यांच्या आतल्या पत्र्याला डाग देतात ते. तिने तार होडीच्या पोटावर दाबली, तिचा बाक जसाच्या तसा तारेत उतरला, आणि तो तिने तुमच्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने काढून घेतला. मग चार बोटं पुढे सरकून पुन्हा. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत अकरा बाक. मॅनेजर दोनदा बाहेर डोकावला, दोन्ही वेळा ती तार कानामागे खोचून छताकडे बघत बसली. घरी येऊन तिने टेबलावर कागद पालथा ठेवला आणि म्हणाली, "हा माझा अर्ज."

मी ते अकरा बाक बघितले आणि खुर्चीत बसले. आल्फे, मी नऊ वर्षांची असल्यापासून पापांचा बाक माझ्या तळव्यात आहे. तो माझ्या मुलीने शवपेटीच्या तारेने उचलून आणला होता, तिला अडवून धरणाऱ्या फॉर्मच्या पाठीवर.

पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. म्हणाली, तिच्यावरून तू बांधलेली खरी होडी बघायची. तुला माहीत आहे का, 'ओझेली' अजून आहे? पब्निकोला, खाडीच्या कडेला आल्डरच्या झुडपांत ओढून टाकलेली. सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघी गेलो. सँडविच आणि थर्मास घेतला होता, जणू सहलीला चाललोय.

तू तिला तशी पाहू नयेस असं एकदा वाटतं, आणि एकदा वाटतं तू पाहायलाच हवीस. डेकमधून एक बर्च वर आला आहे, माझ्या मनगटाएवढा. रंग कुठेच नाही. आईचं नाव मागच्या फळीवर कोरलेलं आहे, त्यातल्या अक्षरांत शेवाळ भरून ते हिरवं झालंय. इंजिन कुणीतरी नेलं, खिडक्या नेल्या, पितळ नेलं. आणि एक फळी सुटलेली नाही, आल्फे. एकही नाही. एकवीस हिवाळे. मी फळ्यांच्या सांध्यावरून नख ओढत होडीभोवती चालत गेले आणि नख कुठे अडकलं नाही. माझ्या तोंडून निघालं, 'पित्याच्या आणि पुत्राच्या नावाने', कॉन्व्हेंटातल्या प्रार्थनेच्या सुरुवातीचं वाक्य. सवयीने नाही.

झेली पोटाखाली सरपटत मापं घेत होती आणि ओरडून सांगत होती, मी वहीत लिहीत होते. चार तास. मग तिने भिंतीवरच्या होडीचे बाक बाराने गुणले आणि शेजारी शेजारी लिहिले.

"आई, मामाने बिघडवलं म्हणतात ना सगळे? आजोबांचं मॉडेल चांगलं होतं आणि मामाने बिघडवलं?"

"म्हणतात."

"बाबापण म्हणायचा."

"हो."

"सुताचाही फरक नाही, आई. अकराच्या अकरा ठिकाणी. भिंतीवर जी आहे तीच ही आहे." तिने पेन्सिल कानामागे ठेवली. "मग ही कलली का?"

मी म्हटलं, थर्मासमधला चहा गार होतोय.

ल्युदिवीन


मेटेगन,
सोमवार, २ नोव्हेंबर २००९
सर्व मृतांचा दिवस

आल्फे,

सकाळी पापांच्या आणि आईच्या थडग्यावर शेवंती ठेवून आले. तुझी आधीच ठेवलेली होती. मी माझी शेजारी ठेवली.

मुदत परवा संपली. आता हे पत्र नोकरीसाठी नाही, त्यामुळे लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं होत नाहीये.

चहा गार होतोय म्हटलं, तेव्हा झेलीने मापांची वही माझ्या हातातून घेतली. घरी येऊन तिने दोन कप विसळले, पुसले, आणि पाठमोरीच म्हणाली, "आजोबा चुकले नाहीत. मामा चुकला नाही. मग मधे कोण होतं?"

मधे मी होते.

तुला आठवतं, १९८८ च्या फेब्रुवारीत तू नवी होडी पोचवायला न्यू फाउंडलंडला गेला होतास आणि बर्फात अडकलास. पापा माझ्याकडे होते. युलिसने, माझ्या नवऱ्याने, आपल्या होडीचं सांगितलं होतं आणि पापा तिचं मॉडेल माझ्या स्वयंपाकघरात कोरत होते. मी घासत होते. पॉलिशपेपर बारीक, त्याहून बारीक, शेवटी नुसता तळवा. ज्या दिवशी ते पुरं झालं, त्या दिवशी त्यांनी ते माझ्या चुलीवरच्या भिंतीला टांगलं आणि म्हणाले, "ही सालीशिवाय आहे. आल्फेला सांग."

तुला समजावून सांगायला नको. पण हे कधी झेलीच्या मुलांच्या हाती पडलं तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. पापांच्या सगळ्या अर्ध्या होड्या सालीसकट असत, म्हणजे बाहेरच्या फळ्या धरून. बांधणारा फळीची जाडी वजा करायचा आणि आतल्या फासळ्या त्या मापाने उभ्या करायचा. ही एकच त्यांनी फासळ्यांपर्यंतच कोरली होती. हिच्यातून काही वजा करायचं नव्हतं. दीड इंचाची फळी वरून चढणार होती. त्यांच्या मॉडेलच्या मापात दीड इंच म्हणजे एक सूत, इंचाचा आठवा भाग. एवढंच मला तुला सांगायचं होतं.

मार्चमध्ये पापा गेले. तू परत आलास, मूठमाती झाली, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन, कोटही न काढता, तू ती होडी भिंतीवरून उतरवलीस. "ही तुझ्या काय कामाची," म्हणालास. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा डाग राहिला. चुलीच्या धुराने बाकीची भिंत पिवळी झाली होती ना.

मी मनात म्हटलं, येईल विचारायला. तेव्हा सांगू.

आणि तू आलास. एप्रिलमध्ये, किसलेल्या बटाट्यांच्या रापूरची परात ओव्हनमधून निघत होती तेव्हा. टेबलाशी बसलास. "पापा या होडीबद्दल काही बोलले होते का?"

मी सुरीने रापूरचे चौकोन पाडत होते. मी म्हटलं, "तुला माहीत नाही असं मला काय सांगणार? मी जिन्याखालची."

तू हसलास. मीही. दुसरा तुकडा मागून घेतलास.

मला वाटलं होतं, तू पुन्हा विचारशील. मग वाटलं, मापं काढताना तुझ्या लक्षात येईल. मग फासळ्या उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, आता सांगितलं तर पहिल्यापासून मोडावं लागेल. मग फळ्या चढल्या. प्रत्येक आठवड्याला सांगणं अधिक महाग होत गेलं. सिस्टर मारी-पॉल पापनिवेदनाच्या आधी म्हणायची, "मुलींनो, केलेल्या पापांची यादी तुम्ही सुरेख करता. न केलेल्यांचीही करा." मी तिची पहिल्या नंबरची विद्यार्थिनी होते.

ऑक्टोबरचा तो दिवस तुझ्याइतकाच मला आठवतो. होडी पाण्यात उतरली आणि पाणी जिथवर यायला हवं तिथे रंगवलेली रेघ बुडाली. युलिसने तरी लॉबस्टरचे पिंजरे चढवायला सांगितले. चौथा थर रचला आणि ती धक्क्याच्या बाजूला कलली, सावकाश, म्हातारी बाई बाकावर बसते तशी, आणि लवकर उठली नाही. दोन्हीकडून दीड-दीड इंच अंग कमी होतं तिला. सगळा गाव उभा होता. युलिस ओरडला, "तुझ्या बापाने सोन्यासारखं मॉडेल दिलं, आणि तू त्याची वाट लावलीस!" तू काहीच बोलला नाहीस. टोपी काढलीस, पुन्हा घातलीस आणि चालू लागलास. मी झाकण लावलेली परात हातात धरून उभी होते.

त्यानंतर तू लाकडाची होडी बांधली नाहीस. बाहेरचे साचे आणलेस आणि फायबर ओतत राहिलास. तो वास वाऱ्यावर माझ्या अंगणापर्यंत येतो. युलिस हे न कळताच गेला.

झेलीला सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती मला बोलेल. तिने विचारलं, "पॉलिशपेपर आहे का घरात? बारीक?" आणि मग नऊ दिवस तिने कामावरून येऊन साल केली. कोरून नाही. सुताएवढ्या जाडीच्या पाइनच्या पट्ट्या फाडल्या, माझ्या केटलीच्या वाफेवर वाकवल्या आणि त्या अकरा बाकांवरून कोरलेल्या अर्ध्या होडीवर एकेक बसवत गेली. सफरचंदाच्या लाकडाच्या दोन बारीक खुंट्या आहेत. त्या ओढल्या की सगळी साल एकदम हातात येते, अंड्याचं कवच यावं तशी. आत तू बांधलेली होडी आहे. बाहेर पापांना हवी होती ती.

नवव्या दिवशी तिने साल काढली, घातली, काढली. चिमटीत धरायला जागा नव्हती इतकी नीट बसली होती. मी चष्मा काढून डोळे मिटून हात फिरवला आणि माझ्या तळव्याला पापा सापडले. चौसष्ट वर्षांची बाई मी, परत परत हात फिरवत राहिले.

तिने खोक्यात कार्ड टाकलंय. त्यावर नाव, पत्ता आणि एकच ओळ आहे: 'खुंट्या ओढा.' माझं नाव कुठे नाही. ते मी इथे लिहिते.

तुझी बहीण,
ल्युदिवीन


मेटेगन,
सोमवार, ३० नोव्हेंबर २००९

आल्फे,

आज लॉबस्टरच्या हंगामाचा पहिला दिवस. पहाटे धक्क्यावर गेले होते, होड्या पिंजऱ्यांखाली दबून एकामागून एक बाहेर पडताना बघायला. सगळ्या तुझ्याच, फायबरच्या, सगळ्या सरळ उभ्या. बायका हात हलवत होत्या. माझं आता कुणी नाही त्यांच्यात, तरी मीही हलवला.

शुक्रवारी तू कारखान्यात आलास ते झेलीने मला तीनदा सांगितलं. मी चौथ्यांदा सांगायला लावणार आहे.

तू दारात उभा होतास म्हणे, बगलेत खोका. ती झाकणाला रंधा मारत होती.

"कुणासाठी आहे ही?" तू विचारलंस.

"ठरलं नाही अजून. तुमचं माप घेऊ?"

"अजून वाकायचोय मी, लांबी चुकेल."

मग तू खोका बाकावर ठेवलास आणि खुंट्यांना हात लावलास. "सफरचंद?"

"सफरचंद."

"साल वाफेवर?"

"आईच्या केटलीवर. केटली गेली."

"खालच्या तीन पट्ट्या उन्हाळ्यात सांध्यात उघडणार."

"नाही उघडणार."

"उघडणार गं. मी चाळीस वर्षं—"

"तुमची पब्निकोला पडलीय ती एकवीस वर्षांत उघडली का?"

त्यावर तू, ती म्हणते, रंध्याचं एक कुरळं सालपट उचलून बोटाला गुंडाळत राहिलास. आणि मग जे बोललास ते तिने मला सांगितलं तेव्हा मी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"मला माहीत होतं," तू म्हणालास.

"काय?"

"की मी सूतभरही सोडलेलं नाही. त्याच आठवड्यात ती वर ओढून घेतली आणि पुन्हा मोजली. चारदा मोजली. मॉडेल तशी होडी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर चूक कुणाची ठरली असती?"

झेलीने रंधा बाजूला ठेवला.

"शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायचे. मला वाटलं, म्हातारा चुकला. साठ होड्या बांधल्या त्याने, एक परत आली नाही. शेवटची चुकली, हे मी किनाऱ्याला सांगत फिरू?" तू टोपी घातलीस. "माझ्या नावावर राहिली तर राहिली."

आल्फे.

मी पत्र लिहायला बसले तेव्हा बरंच काही लिहिणार होते. आता बसल्या बसल्या खिडकीतून उपसागर बघतेय. पाणी मागे हटलंय, तळ उघडा पडलाय, आणि जिथे रोज नुसतं पाणी दिसतं तिथे केवढे खडक आहेत. मला वाटायचं, तू अपमानाने गप्प आहेस, रागाने गप्प आहेस, दर रविवारी मी तुझ्या मानेमागचा तो गप्पपणा बघत होते आणि तो माझ्या अंगावर घेत होते. आणि तू पापांना पाठीवर घेऊन बसला होतास. एकवीस वर्षं. ज्याची चूक नाही तो, ज्याची चूक नाही त्याच्यासाठी. त्यावर एक शब्द कुणाकडे नाही, बायकोकडेही नाही.

कॉन्व्हेंटात आम्हाला संतांची चरित्रं पाठ करायला लावत. मला ती सगळी लांबच्या देशांतली वाटायची.

झेलीला तू नोकरीबद्दल काही बोलला नाहीस. खोका मात्र परत घेऊन गेलास. गावात म्हणतात, लुनेनबर्गचा एक प्रमाणपत्रवाला येऊन मॅनेजरला भेटून गेला. असू दे. तिने परवा फ्रीजवरची जाहिरात काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर केटलीचं माप लिहिलं आणि मला म्हणाली, "नवी घेऊ, मोठ्या तोंडाची. वाफ जास्त येते." मी तिला विचारलं, आता कशाला लागणार वाफ? तर म्हणाली, "लागेल गं. हात आता थांबत नाहीत."

तुझा खोकला कमी झालेला दिसला काल.

ल्युदिवीन


मेटेगन,
रविवार, ३ जानेवारी २०१०

आल्फे,

तुझं पत्र एडिथने स्वतः आणून दिलं. तिकीट नव्हतं. "रीतसर नाही हं हे," म्हणाली, आणि मी उघडेपर्यंत दारातून हलली नाही. शेवटी तिला चहा द्यावा लागला.

दोन कागद होते. पहिला झेलीचा फॉर्म, तुझ्या अक्षरात भरलेला. प्रमाणपत्राच्या रकान्यात तू 'आजोबा' तसंच ठेवलंयस. शिफारस करणाऱ्यांची दोन नावं हवीत, तिथे लिहिलंयस, 'सिफ्रोआ द्युगा' आणि 'आल्फे द्युगा'. पापांच्या नावापुढे दूरध्वनीचा रकाना आहे, त्यात एक आडवी रेघ. तुझ्या मॅनेजरने हे कसं गिळलं देव जाणे.

दुसऱ्या कागदावर तीन ओळी. मी त्या झेलीला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. 'सोमवार, अकरा तारीख, सकाळी सात. तिला जाड मोजे घालून यायला सांग, माळ्यावरची फळी गार असते. पापा आणखी काही बोलले होते का?'

मोज्यांपर्यंत पोचले आणि थांबले. झेलीने कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग स्वयंपाकघरात बूट काढले आणि नुसत्या पायांनी फरशीवर उभी राहिली, एक मिनिटभर. बघायला, कसं वाटतं ते.

तुझी तिसरी ओळ तिने मोठ्याने वाचली नाही. घडी घालून कागद परत माझ्या हातात दिला. तुझ्या भाचीला कळतं.

तू दुसऱ्यांदा विचारशील अशी वाट मी बघायला नको होती. पहिल्यांदाच उत्तर द्यायला हवं होतं. होय, बोलले होते. ते मी मागच्या पत्रांतही तुला लिहिलं नाही. तू होडी भिंतीवरून न विचारता उतरवलीस म्हणून मी गप्प राहिले, असं तुला वाटू दिलं. ते खरं आहे, पण ते अर्धंच आहे.

पापांनी होडी टांगली, दोन पावलं मागे सरले, आणि म्हणाले, "ही सालीशिवाय आहे. आल्फेला सांग. मी फासळ्यांपर्यंतच पोचलो. साल तो घालेल. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

नऊ वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसून घासत होते, आल्फे. त्या दिवशीही माझ्या बोटांना पाइनची भुकटी लागलेली होती. मी ते वाक्य ऐकलं आणि ठेवून घेतलं. तुझं होतं ते. एकवीस वर्षं माझ्याकडे राहिलं. आता घे.

लोकर मी कालच आणली, करडी, तेल न काढलेली, ओली झाली तरी ऊब धरते ती. विणायला घेतलेत. झेलीचा पाय मोठा, बापावर गेलाय, तिचा एक जोड रात्रीच्या जेवणाआधी होईल. मी दोन जोड विणतेय. दुसरा लहान मापाचा आहे, माझ्या पायाचा.

ल्युदिवीन